बनाबाईचा पिक्चर

कोल्हापुरात गंगावेशीच्या अलीकडं आमचं चंद्रविलास टॉकीज होतं. मी वर केबिनमध्ये मशीन चालवायचो आणि निसार शिकलगार खाली तिकिटाच्या खिडकीत बसायचा. त्याचा चेहरा फारसा कुणाला ठाऊक नव्हता. जाळीच्या भोकातून तिकीट आणि सुटे पुढं सरकवणारी त्याची लांब बोटं मात्र सगळ्या गावानं पाहिली होती.

त्याचे वडील करीमचाचा धार लावायचे. विळे, कात्र्या, अडकित्ते, काय मिळेल ते. सायकलला चाक जोडून कागल, मुरगूडपर्यंतचे बाजार करायचे. पोरगा मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी आमच्या मालकांचे पाय धरून त्याला खिडकीत बसवला. सावलीत बसून करायची नोकरी, एवढंच त्यांचं मागणं होतं. हे साल सहासष्ट असेल. मीही त्याच्या मागंपुढंच लागलो.

निसारला लिहायचा नाद लागला तो त्या खिडकीमुळंच. खेळ सुरू झाला तरी उशिरा येणारे लोक असायचेच. ते संपले की खिडकी लावायची, पैसे मॅनेजरकडं द्यायचे आणि मग कुठं तो आत यायचा. तोवर अर्धा तास पिक्चर होऊन गेलेला. एकाही पिक्चरची सुरुवात म्हणून त्यानं कधी बघितली नाही. मग तो दारापाशी अंधारात उभा राहून पुढचं बघायचा आणि मागचं मनानं रचायचा. ही बाई एवढी घाबरते कशाला, ह्या दोघा भावांचं बिनसलं कशावरनं, सगळं स्वतःच ठरवायचा. खेळ सुटला की केबिनच्या लोखंडी जिन्यानं वर यायचा.

"गणपा, मी सांगतो सुरवात कशी हाय ती. ऐक."

तो सांगायचा. मी रीळ गुंडाळत ऐकायचो.

"आता खरी कशी हाय ती सांग."

मी सांगायचो. त्याचा चेहरा पडायचा. "एवढंच?" म्हणायचा. "माजी बरी हुती की रं."

आणि खरंच, बऱ्याचदा त्याचीच बरी असायची.

असं करता करता तो लिहायला लागला. त्या वेळी कोल्हापुरात पिक्चरचं वारं अजून होतं. स्टुडिओच्या फाटकासमोर चहाचा एक गाडा होता. तिथं लिहिणारे लोक जमायचे. कुणाचा पिक्चर आलेला नसायचा, पण येणार आहे अशी प्रत्येकाची खात्री. त्यात पिराजी म्हणून एक प्राथमिक शाळेतला मास्तर होता. त्याच्याकडं ऐतिहासिक गोष्ट होती आणि तिला दोनशे घोडे लागत होते. निर्मात्यांनी घोडे कमी कर म्हटलं की तो चहा अर्धा टाकून उठून जायचा. निसार सुट्टीच्या दिवशी त्या गाड्यावर जायचा. तिथंच त्याची सयाजीमास्तरांशी ओळख झाली. मास्तर तेव्हा मोठ्या दिग्दर्शकांच्या हाताखाली होते. प्रसंग कसा तोडायचा, माणसानं बोलायचं कधी आणि गप्प बसायचं कधी, हे त्यांनीच निसारला शिकवलं. "बोलणं कमी कर," असं त्याला ते सारखं सांगायचे. "कॅमेऱ्याला डोळा असतो, कान नसतो."

निसारनं लिहिलेली गोष्ट एकच. बनाबाईची.

लहानपणी करीमचाचांबरोबर हिंडताना कुठल्याशा गावात त्यानं एक लग्न बघितलं होतं. मांडवाच्या कडेला सनईवाला बसला होता आणि त्याच्या मागं पडदा बांधला होता. निसार मांडवाच्या मागच्या बाजूला गेला, तर पडद्याखालून बाईची पावलं दिसली. पायांत जोडवी नव्हती. सनई त्या बाजूनं येत होती. पुढचा माणूस नुसते गाल फुगवत होता.

एवढंच बघितलेलं. बाकीचं त्यानं रचलं. बनाबाई सनईवाल्याची लेक, सनईवाल्याची बायको. बापाकडून शिकलेली. नवरा मरतो. दिराला वाजवता येत नाही आणि घर तर सनईवरच चालतं. लग्नाच्या मांडवात विधवा बाईला कोण उभं करणार? मग दीर पुढं बसतो, ती पडद्याआड. गावोगावच्या सुपाऱ्या येतात, लोक दिराला फेटे बांधतात, पुढं पुढं त्या दिरालाही वाटायला लागतं की आपणच वाजवतो. शेवटी बनाबाईच्या स्वतःच्या लेकीचं लग्न ठरतं. मुहूर्ताला दीर रुसून बसतो, मांडवात येतच नाही. पुढची जागा मोकळी. भटजी घाई करतात. आणि बनाबाई पडदा बाजूला करून, मोकळ्या कपाळानं, सगळ्यांच्या देखत पुढं येऊन बसते. सनई ओठाला लावते. पहिला सूर निघतो आणि पिक्चर संपतो.

मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मशीनमधली कार्बनकांडी जळून संपली, तरी माझ्या ध्यानात आलं नाही. खाली पडदा काळा झाला, लोक शिट्ट्या मारायला लागले, तेव्हा धावलो.

सयाजीमास्तरांनी निसारला हंबीरराव इंगवल्यांकडं नेलं. हंबीरराव मुरगूडकडचे. ऊस, गुऱ्हाळ, शाहूपुरीत गुळाची अडत. हौस म्हणून एक तमाशाचा पिक्चर काढला आणि तो जत्रांतल्या तंबूंत धो धो चालला. तेव्हापासून त्यांना सगळे निर्माते म्हणायला लागले होते. माणूस मोठ्या आवाजाचा, पण आत काही कपट नाही. निसारबरोबर मीही गेलो होतो. एकट्यानं जायला त्याला धीर होत नव्हता.

दुपारची वेळ होती. अडतीच्या माडीवर गुळाच्या ढेपांचा वास भरलेला. हंबीरराव लोडाला टेकून बसले होते.

"सांग बाबा," ते म्हणाले. "पर आधीच सांगतो, मला झोप आली तर राग मानायचा न्हाई."

निसार उभा राहिला. एरवी तो चार माणसांत मान वर करून बोलत नसे. पण गोष्ट सांगताना तो वेगळाच व्हायचा. बनाबाई झाला, दीर झाला, फेटा बांधणारा पाटील झाला. सनई तर तोंडानं अशी वाजवली की खाली गुळाच्या ढेपा उचलणारे हमाल जिन्यावर येऊन उभे राहिले. शेवटाला तो पडदा बाजूला करून पुढं आला आणि खाली बसला.

हंबीररावांनी डोक्यावरचा पटका काढून त्यानं डोळे पुसले.

"माजी थोरली भन अशीच हुती रं," ते म्हणाले. "घरातल्या एका लग्नात म्होरं आली न्हाई. सैपाकघरात बसून लाडू वळायची." मग घसा साफ करून मोठ्यानं म्हणाले, "मास्तर, फुडचा पिक्चर ह्योच. दुसरा न्हाई. पर आता 'चांदीचा चाबूक' संपत आलाय. तो एकदा लागू द्या, चालू द्या, की त्याच पैशात हिचा नारळ फोडू."

'चांदीचा चाबूक' म्हणजे त्यांचा दुसरा पिक्चर. पहिल्यासारखाच. पाटील, नाचणारीण, वाडा, चाबूक.

त्यानंतरचे सहा-आठ महिने निसारच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. सयाजीमास्तर आणि तो रोज सकाळी रंकाळ्यावर बसून प्रसंग पक्के करायचे. हा पिक्चर मास्तर स्वतःच्या नावावर करणार होते, त्यांचाही तो पहिलाच. एकदा आम्ही तिघं वारणेच्या बाजूला गाव बघायला गेलो. मास्तरांना हवा होता तसा चौक मिळाला, कडेला पिंपळ, मागं उतरती कौलं. निसार त्या चौकात किती वेळ उभा होता. "पडदा हितं," तो म्हणाला आणि हातानं हवेत रेघ ओढली. मग तिथल्याच एका म्हातारीला जाऊन विचारलं, "आजी, हितं लग्नाचा मांडव घातला तर चालंल काय?" म्हातारी म्हणाली, "कुनाच्या पोरीचं?" निसार हसत राहिला नुसता.

त्याचं लग्न तेव्हा नवीनच होतं. मेहमुदावहिनी त्याच्या गोष्टीची पहिली ऐकणारीण. त्या मला म्हणाल्या होत्या, "गणपतभाऊ, ह्यांनी बनाबाईला आमच्या घरात आणून बसवलंय. चहा करताना मी तिलाबी इच्यारते, घेनार काय म्हनून."

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर 'चांदीचा चाबूक' लागला, आणि लागला तो आमच्याच टॉकीजात. आता गंमत बघा. ज्या पिक्चरवर निसारचं सगळं टांगलं होतं, त्याची तिकिटं विकायला खिडकीत बसलेला माणूस निसारच.

पहिल्या दिवशी मुरगूडहून ट्रक भरून लोक आले. हंबीररावांचे भाऊबंद, कुळं, गुऱ्हाळावरचे गडी. गुलाल उधळला, हलगी वाजली. निसारनं बाहेर हाऊसफुलची पाटी स्वतः लावली आणि वर येऊन मला मिठी मारली. दुसऱ्या दिवशीही बरी गर्दी होती. मग सोमवार आला.

वरून, केबिनच्या भोकातून, गर्दी कळते. रिकाम्या खुर्च्यांवर पडद्यावरचा उजेड पडतो आणि त्यांच्या पाठी चमकतात. माणसं असली की त्या दिसत नाहीत. मंगळवारी मला पाठीच पाठी दिसायला लागल्या.

पिक्चर वाईट होता असं नाही, पण लोकांनी तो आधी बघितलेला होता. त्याच पाटलाला, त्याच नाचणारणीला, दुसऱ्या नावांनी. शिवाय समोरच्या टॉकीजात मुंबईचा रंगीत हिंदी पिक्चर लागलेला. त्यांची रांग रस्त्यावर यायची आणि वळून थेट आमच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचायची. आमच्या पायऱ्यांवर बसून लोक त्यांच्या तिकिटाची वाट बघायचे.

निसार खिडकीतून बोलायला लागला. कधी न बोलणारा माणूस. "पावणं, बघा की! गाणी झ्याक हायत." लोक बावरून बघायचे, तिकीटवाला बोलतोय म्हणून. त्याची बहीण इचलकरंजीला दिलेली. तिचा नवरा चमन तिथं कापडाच्या मागावर कामाला होता. निसारनं त्याला गाठलं. मागाच्या सुट्टीच्या दिवशी चमन सगळी पाळी घेऊन आला, कारखान्यातली पोरं, एका एस्टीत मावतील तेवढी. मेहमुदावहिनींनी गल्लीतल्या बायका मॅटिनीला आणल्या. त्या दिवशी वरून खाली बघितलं तर बाल्कनी भरलेली. जरा वेळानं बघतो तर मागाची पोरं खुर्चीत मान टाकून झोपलेली. रात्रपाळी करून आली होती बिचारी. बायका इंटरव्हलला उठल्या, भाजी आणायची आहे म्हणाल्या.

तिसरा आठवडा लागेल की नाही ते दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारच्या खेळावर ठरणार होतं. गुरुवारी दुपारी मी खाली चहाला आलो होतो. खिडकीसमोर एक शेतकरी आणि त्याची बायको उभी होती. लांबून आलेली. तिच्या डोक्यावर पदर, हातात पितळी डबा. नवं पातळ नेसून आली होती, घड्या मोडल्या नव्हत्या अजून.

"पिक्चर कसा हाय बाबा?" शेतकऱ्यानं जाळीला तोंड लावून विचारलं. "भुदरगडाकडनं आलोय. हिला कवाधरनं बघायचा हाय पिक्चर. वर्सातनं एकदाबी जमत न्हाई आमास्नी."

निसारनं त्या दोघांकडं बघितलं. मला वाटलं, गाणी झ्याक आहेत म्हणेल. तिकिटांच्या गठ्ठ्यावर त्याचा हात होता.

"समोर जावा काका," तो म्हणाला. "त्यो चांगला हाय. मावशींस्नी आवडंल."

ती दोघं रस्ता ओलांडून गेली. मी खिडकीच्या मागच्या दारातून आत घुसलो.

"खुळा हायस काय रं? दोन गिऱ्हाईकं हातची घालवलीस! तुजा पिक्चर ह्याच्यावर अडलाय आनि तूच..."

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "पर गणपा, उद्या बनाबाई लागली तर बघाय कोन येनार? हीच मानसं. आज त्यास्नी फसवलं तर मराठी पिक्चर म्हटलं की पाठ फिरवतील. मग बनाबाई कुनासाठी वाजवनार?"

मी जाळीतून बघितलं. बाहेर कुणी नव्हतं. तो खेळ निम्म्याहून जास्त रिकामा गेला. शुक्रवारी पोस्टर उतरवलं.

हंबीरराव त्या दिवशी आले होते. गाडीतून उतरले, व्हरांड्यात उभे राहिले. पोरं पोस्टरावर डिंक लावून दुसरं चिकटवत होती, ते बघत राहिले. निसार खिडकीतून बाहेर येईपर्यंत ते निघूनही गेले होते.

निसारनं महिनाभर वाट बघितली, मग मला घेऊन मुरगूडला गेला. हंबीरराव गुऱ्हाळावर होते. काहिलीखाली जाळ चालू होता, रस उकळत होता. त्यांनी आम्हाला काकवी दिली, भाकरी दिली, इकडचं तिकडचं बोलले. पिक्चरचं नाव काढेनात. शेवटी निघताना निसारच म्हणाला, "आण्णा, बनाबाईचं काय करायचं?"

हंबीरराव काहिलीकडं बघत म्हणाले, "निसार, तुजी ती बाई माज्या डोळ्यांफुडनं हलत न्हाई बग. पर आता धाडस व्हईना. वितरक दारात उभा करीना. घरातली मानसं बोलत्यात. ऊस लावला की उगवतोय तरी. पिक्चरचं काय कळत न्हाई." मग त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू मोटा हुशील. दुसऱ्या कुनाला तरी दाव."

दुसरं कोण होतं? एकटा 'चांदीचा चाबूक' पडला असता तर निभलं असतं. त्या वर्षा-दोन वर्षांत असे कितीतरी पडले. फाटकासमोरचा चहाचा गाडा हळूहळू ओसरला. पिराजीमास्तर घोड्यांचं बोलायचा बंद झाला, शाळेतल्या स्नेहसंमेलनाची नाटकं बसवायला लागला आणि त्यातही कुणी घोडा मागितला तर चिडायचा. सयाजीमास्तरांना वारणानगरला शाळेत नोकरी मिळाली. जायच्या आदल्या दिवशी ते निसारला भेटायला आले. दोघं रंकाळ्यावर गेले, नेहमीच्या जागी बसले, आणि मास्तर म्हणाले, "नवीन काय तरी लिही." निसार म्हणाला, "मास्तर, थोरली घरात असताना धाकटीचं कसं बघू?"

आणि खरंच त्यानं दुसरं काही लिहिलं नाही. बनाबाईच पुन्हा पुन्हा लिहीत राहिला. एकदा मुंबईचे कुणी निर्माते कोल्हापुरात उतरले होते. त्यांना गोष्ट आवडली. पण ते म्हणाले की दिराला विनोदी करा, पडद्यामागं गोंधळ उडू दे, सनईऐवजी चुकून पिपाणी वाजू दे, लोक पोट धरून हसतील. विनोदी पिक्चर तेवढे चालत होते तेव्हा, त्यांचंही चूक नव्हतं. निसारनं हो म्हटलं. चार दिवस बसला. पाचव्या दिवशी लॉजवर जाऊन सांगून आला की जमत नाही. मेहमुदावहिनी त्याच्यावर रागावल्या. "हसली असती बनाबाई तर काय बिघडलं असतं?" असं म्हणाल्या आणि मग स्वतःच रडल्या.

त्याच्या दोन मुली मोठ्या होत होत्या. तो रोज खिडकीत बसत होता. दुसऱ्यांच्या पिक्चरची तिकिटं फाडत होता. गर्दीच्या दिवशी मी जिन्यावरून त्याच्याकडं बघायचो. लोक जाळीतून हात घालायचे, ढकलाढकली करायचे, आणि तो एक एक तिकीट असं द्यायचा की जणू त्या माणसाला घरी बोलावतोय. मला वाटायचं, ह्याच्या डोळ्यांपुढं आत्ता कुठला पिक्चर लागलाय कोण जाणे.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात मुरगूडहून निरोप आला. हंबीररावांना अर्धांगवायू झाला होता, आता जरा बोलता येत होतं, आणि ते निसारला बोलवत होते. आम्ही दोघं गेलो. सोप्यात खाट टाकली होती. त्यांच्या पत्नी धोंडुबाई पायाशी बसल्या होत्या. तो मोठ्या आवाजाचा माणूस आता कुजबुजल्यासारखा बोलत होता.

"निसार, मला त्यो पिक्चर दाव."

"कंचा आण्णा?"

"कंचा म्हंजे? बनाबाईचा."

निसारनं माझ्याकडं बघितलं. मग चपला बाहेर काढून ठेवून आला आणि खाटेसमोर उभा राहिला. केसांत पांढरं दिसत होतं त्याच्या, पोट जरा सुटलं होतं. पण सुरुवात केली आणि मला ती गुळाची माडी आठवायच्या आतच मी बनाबाईच्या घरात होतो. इतक्या वर्षांत ती गोष्ट किती बदलली होती! बोलणं जवळजवळ उरलंच नव्हतं. दीर आता वाईट नव्हता. त्याचीही कीव येत होती, दुसऱ्याच्या सुरावर गाल फुगवून म्हातारा होणारा माणूस. आणि शेवटी बनाबाई पुढं येऊन बसते, तेव्हा निसार तिथं सनई वाजवतच नव्हता. नुसते ओठ हलवले आणि थांबला. धोंडुबाईंनी तोंडाला पदर लावला होता.

हंबीरराव वर आढ्याकडं बघत होते.

"मी तवा काढला असता," ते म्हणाले, "तर चालला असता काय रं?"

"ठावं न्हाई आण्णा."

"खरं सांग. मला आता बरं वाटावं म्हनून बोलू नको."

"खरंच ठावं न्हाई. एवढी वर्सं खिडकीत बसलो. मानसं कशाला येत्यात आनि कशाला पाठ फिरवत्यात, ह्ये मला कळलं न्हाई. कुनालाच कळत नसंल."

हंबीररावांचा चांगला हात गादीवर चाचपडत होता. निसारनं तो हातात घेतला.

"कुनालाच कळत न्हाई म्हंतोस," ते म्हणाले. "मग काढायलाच पायजे हुता."

परत येताना एस्टीत आम्ही मागच्या सीटवर बसलो होतो. खिडकीबाहेर ऊसच ऊस. निदान कुणीतरी तसं म्हणालं, एवढं तरी त्याला मिळालं, असं मला वाटत होतं. मी तसं म्हटलंही. निसारनं मान हलवली.

"बरं वाटलं," तो म्हणाला. मग उसाकडं बघतच म्हणाला, "पर एकदा तरी पडद्यावर बघायला पायजे हुता रं, गणपा. अंधार झालाय, मानसं बसलीत, आनि ती चालत येतीय. मला नाव नको हुतं, काय नको हुतं. मागं दारापाशी उभा राहून बघितला असता."

त्यानंतर दोनेक वर्षांत गावात घरोघरी व्हिडिओ आले आणि चंद्रविलास बंद झालं. मी एका इलेक्ट्रिकच्या दुकानात लागलो. निसार महाद्वार रोडला कापडाच्या दुकानात गेला. थोरली मुलगी डी.एड. होऊन शिक्षिका झाली, धाकटीचं लग्न चांगलं झालं. मेहमुदावहिनी म्हणतात, आता ह्यांना कशाची काळजी नाही. खरं आहे ते.

फक्त दर शुक्रवारी दुकानात जाताना तो वाट वाकडी करतो. जिथं नवीन पिक्चरची पोस्टरं लागतात, तिथं सायकल थांबवतो. नटनट्यांचे मोठे चेहरे त्याला बघायचे नसतात. तो खाली वाकतो, चष्मा कपाळावर सरकवतो आणि अगदी तळाला, बारीक अक्षरांत, लिहिणाऱ्याचं नाव कुणाचं आहे ते वाचतो. अनोळखी नाव असलं, एखाद्या नवख्याचं, तर त्याचा चेहरा उजळतो. बोटानं ते नाव पुसल्यासारखं करतो, धूळ बसली असेल तर. मग संध्याकाळी माझ्या दुकानावर येऊन विचारतो, "गणपा, गर्दी हाय काय रं त्या पिक्चरला? चौकशी कर की जरा."